तोंडाची आग : दोष रक्ताचा की सुपारीचा?

‘खाण तशी माती’ ही म्हण आपण सगळेच वापरतो. मुलगा वडिलांसारखा उंच निघाला, मुलीचा गळा आईसारखा गोड निघाला, की ही म्हण हमखास ऐकू येते. म्हण काही खोटी नाही. मेंडेलने वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग करून १८६६ साली जे प्रसिद्ध केले, त्याचा अंदाज आपल्या शेतकऱ्यांना आधीपासून होता, एवढाच तिचा अर्थ. पण म्हण आणि वैज्ञानिक नियम यांत एक मोठा फरक असतो. नियम सांगताना तो कोठे लागू पडतो व कोठे पडत नाही हेही सांगावे लागते. म्हणीला तसे बंधन नसते. ती कोठेही चिकटवता येते. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात, आणि खरे तर साऱ्या विदर्भात, ती हल्ली एका भलत्याच जागी चिकटवली जात आहे. त्याविषयी विद्यार्थी मित्रांशी आणि त्यांच्या शिक्षकांशी चार शब्द बोलावेसे वाटतात. मी पदार्थविज्ञान शिकवतो, वैद्यक नव्हे. परंतु पुरावा कसा तपासावा हा प्रश्न सर्व विज्ञानांचा सारखाच आहे.

ज्वारीची भाकर, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि कांदा हे आमच्याकडचे नित्याचे जेवण. विशी-पंचविशीचा एखादा धडधाकट तरुण हळूहळू ठेचा बाजूला सारू लागतो. मग भाजीतले तिखट सोसेनासे होते. पुढे चहासुद्धा निववून प्यावा लागतो. तोंडाची सतत आग होते. वर्ष-दोन वर्षांनी आणखी एक गोष्ट ध्यानात येते : तोंड पूर्वीइतके उघडत नाही. शिटी वाजत नाही, फुगा फुगवता येत नाही, जीभ पुरती बाहेर येत नाही. गालाच्या आतली मऊ, गुलाबी श्लेष्मल त्वचा फिकी पांढरी पडून ताठ झालेली असते, आणि बोट फिरवले तर तिच्याखाली दोरीसारखे पट्टे लागतात. या विकाराला डॉक्टर ‘ओरल सबम्यूकस फायब्रोसिस’ म्हणतात. मराठीत त्याला तोंडाच्या अस्तराखालची तंतुमयता म्हणता येईल.

घरची माणसे मात्र निराळेच निदान करतात. ‘यांच्या घराण्यातच तोंडाची उष्णता आहे. वडिलांचंही असंच होतं.’ झाले! खाण तशी माती. दुसरीकडे बारावीच्या वर्गात दरवर्षी कोणी ना कोणी हात वर करून विचारतो, ‘सर, माझ्या आजोबांनी साठ वर्षे पान-सुपारी खाल्ली, त्यांना काही झालं नाही. म्हणजे आमच्या घराण्याला ती बाधत नाही ना?’ गंमत पाहा. एकाच शब्दावरून, म्हणजे आनुवंशिकतेवरून, एक घर ‘आमच्या नशिबातच आहे’ असे म्हणते आणि दुसरे ‘आम्हाला धोकाच नाही’ असे म्हणते. दोन्ही घरांचे पाय शेवटी त्याच पानठेल्याकडे वळतात.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. या विकाराच्या बाबतीत आनुवंशिकता जेथे लावू नये तेथे आपण लावतो, आणि जेथे लावायला हवी तेथे लावत नाही. रोग कशाने झाला या प्रश्नाला ती उत्तर नव्हे. एकाच रोगात एकाला अधिक दुखते व दुसऱ्याला कमी, असे का, या प्रश्नात मात्र तिचा वाटा मोठा आहे. पहिल्या ठिकाणी आपण तिला उगाच पुढे करतो. दुसऱ्या ठिकाणी ‘नाटक करतो आहे’ म्हणून मोकळे होतो.

आधी पहिला प्रश्न घेऊ. १९५२ साली श्वार्ट्झ नावाच्या संशोधकाने आफ्रिकेतील केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये हा विकार पाहिला व त्याला एक लांबलचक लॅटिन नाव दिले. त्या नावात ‘इडिओपॅथिका’ असा एक शब्द होता. त्याचा अर्थ, कारण अज्ञात! पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, मुंबईच्या डॉ. जोशी यांनी आपल्याकडील रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. आता विचार करा. केनियात आफ्रिकी, युरोपीय, भारतीय असे सगळे राहत होते आणि विकार आढळला तो भारतीयांना. मग दोष भारतीय रक्ताचा, असे कोणालाही वाटेल. तसे वाटणे गैर नव्हते. पण १९५४ साली तैवानमधूनही अशाच रुग्णांचे वर्णन आले. तेथील लोक चिनी वंशाचे. पुढे चीनच्या हुनान प्रांतातही हा विकार मोठ्या प्रमाणावर आढळला. भारतीय, तैवानी आणि हुनानी माणसांचे पूर्वज निराळे, भाषा निराळ्या, जेवण निराळे. यांच्यात समान गोष्ट एकच : तिघेही सुपारी चघळतात. तैवानात कोवळी ओली सुपारी, हुनानात फळाच्या सालीसकट, आपल्याकडे वाळवून, कातरून. तऱ्हा वेगळ्या, फळ तेच.

संशय अर्थातच मिरचीवरही आला होता. आपल्याकडे आग म्हटली की मिरचीच आठवते. मुंबईत परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये डॉ. वसंत खानोलकर आणि डॉ. सत्यवती शिरसाट यांनी उंदरांच्या टाळूवर मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य लावून १९६० च्या सुमारास प्रयोग केले, आणि पुढे सुपारीतील अरेकोलीन लावूनही केले. संशयित दोन असतील तर दोघांचीही उलटतपासणी घ्यावी, हा चांगल्या संशोधकाचा शिरस्ता त्यात दिसतो. पुढे सर्व बाजूंनी जो पुरावा गोळा झाला त्यात मिरची बरीचशी निर्दोष ठरली. ज्या मेक्सिकोतून ती जगभर गेली तेथे ती आपल्याइतकीच चवीने खातात, पण हा विकार काही तेथला म्हणून ओळखला जात नाही. मिरची आग लावत नाही, लागलेली आग दाखवते, असे म्हणा हवे तर.

यापुढचा पुरावा आकड्यांचा आहे आणि त्याची हकीकत मला विशेष आवडते. डॉ. होमी भाभांनी स्थापन केलेल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विश्वकिरण आणि अणुगर्भ यांचा अभ्यास चालतो, हे तुम्ही वाचले असेल. त्याच संस्थेत दंतविषयक मूलभूत संशोधनाचा एक विभाग होता, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. डॉ. फली मेहता त्याचे प्रमुख होते. डेन्मार्कचे डॉ. पिंडबोर्ग, संख्याशास्त्रज्ञ डॉ. प्रकाश गुप्ता वगैरे मंडळी त्यांच्याबरोबर होती. त्यांनी खेडोपाडी, घरोघर जाऊन लोकांची तोंडे तपासली. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका पाहणीत पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तपासणी होती. हाती एक दिवा, एक छोटा आरसा आणि नोंदीची वही. विज्ञानाला नेहमी मोठी यंत्रे लागतातच असे नाही.

याच मंडळींनी गुजरातमधील भावनगरला या तंतुमयतेचे ६० रुग्ण घेतले, आणि वयाने व इतर बाबतींत त्यांच्याशी जुळणारी ६० निरोगी माणसे घेतली. हा अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. रुग्णांपैकी ९८ टक्के, म्हणजे ५९ जण, सुपारी कोणत्या ना कोणत्या रूपात खात होते. निरोगी माणसांपैकी ३५ टक्के, म्हणजे २१ जण, खात होते. आता पाटी घ्या. रुग्णांत खाणारे ५९ व न खाणारा १, म्हणजे गुणोत्तर ५९. निरोगी गटात खाणारे २१ व न खाणारे ३९, म्हणजे गुणोत्तर सुमारे ०.५३८. पहिल्याला दुसऱ्याने भागा. उत्तर १०९.६ येते. वैद्यकात दोन-तीन आले तरी संशोधक कान टवकारतात. येथे शंभराच्या वर! शिवाय जितक्या अधिक वेळा आणि जितकी अधिक वर्षे खावी तितका धोका वाढत जातो, हेही त्यात दिसले. कारण आणि कार्य यांचा संबंध ओळखण्याची ही एक चांगली खूण आहे.

‘पण घराण्यात चालत आलेले दिसते, त्याचे काय?’ असे कोणी विचारील. दिसते खरे. परंतु वडिलांकडून मुलाकडे केवळ रंगसूत्रेच येत नाहीत. पानाचा डबा येतो, अडकित्ता येतो, जेवणानंतर डबा पुढे सरकवण्याची रीत येते. घरातली सवय आणि घरातली जनुके एकाच वाटेने चालत येतात; म्हणून नुसत्या ‘घराण्यात आहे’ या निरीक्षणावरून दोहोंतील दोषी कोण ते ठरत नाही. ते ठरवायला अशी जागा शोधावी लागते की जेथे जनुके तीच राहिली आणि सवय बदलली.

अशी जागा आपल्या नागपुरातच सापडते. तेथील शासकीय दंत महाविद्यालयातील डॉ. हजारे व सहकाऱ्यांनी या विकाराच्या १००० रुग्णांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. त्यात एका स्त्रीमागे ४.९ पुरुष होते, आणि पुरुषांत तरुणांचा भरणा मोठा होता. भाऊ आणि बहीण एकाच आईबापाची लेकरे. रंगसूत्रांच्या तेवीस जोड्यांपैकी बावीस जोड्या दोघांनाही सारख्याच रीतीने मिळतात. मग पाचांस एक हे प्रमाण आले कोठून? एखादा चलाख विद्यार्थी म्हणेल, रंगांधळेपणासारखे काही दोष पुरुषांतच अधिक असतात, तसे हेही असेल. शंका रास्त आहे. पण १९५२ सालचे केनियातले पाचही रुग्ण स्त्रिया होत्या, हे विसरू नका. भारतीय वंशाची जनुके पन्नास वर्षांत बदलत नसतात. बदलले ते खाणे. १९७० ते १९९० च्या दशकांत पानमसाला आणि गुटख्याची पुडी गावोगाव पोहोचली, विदर्भात घोटलेला खर्रा आणि इतरत्र मावा पसरला, आणि ही पुडी मुख्यतः तरुण मुलांच्या खिशात गेली. आजोबांचे पान जेवणानंतर दोन वेळा, त्यात सुपारीची चार खांडे आणि भोवती हिरवे पान. नातवाच्या पुडीत पान नाही. वाळलेली सुपारीच सुपारी, आणि ती दिवसभर गालात. आजोबांचा दाखला नातवाला लागू पडत नाही तो यामुळे. दोघांची जनुके जुळतील, मात्रा जुळत नाही.

सुपारी तोंडात करते तरी काय? आपल्या त्वचेखाली कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांचे जाळे असते. जुने धागे तुटतात, नवे तयार होतात, हा जमाखर्च जन्मभर चालतो. सुपारीतील अरेकोलीन धागे बनवणाऱ्या पेशींना चेतवते, म्हणजे जमा वाढते. तिच्यातील तुरट द्रव्ये जुन्या धाग्यांना सहज तुटू देत नाहीत, म्हणजे खर्च घटतो. यावर कडी म्हणजे सुपारीत तांब्याचे प्रमाण बरेच असते, आणि धाग्याला धागा आडवा जोडणारे लायसिल ऑक्सिडेज हे विकर तांब्यावरच चालते. रबराच्या चिकात गंधक घालून तापवले की रेणूंच्या साखळ्या एकमेकींना आडव्या जोडल्या जातात आणि मऊ चीक ताठ होतो. सायकलचा टायर असाच बनतो. तोंडात जवळपास तेच घडते. फरक इतकाच की टायर ताठ झाला तर आपल्याला हवाच असतो.

आता जनुकांची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. भावनगरच्या त्या ६० निरोगी माणसांतही २१ जण सुपारी खाणारे होतेच. त्यांना का झाले नाही? काही जण कमी खात असतील, काहींची सुरुवात नुकतीच झाली असेल. पण तेवढ्याने सगळा हिशेब मिटत नाही. कोलॅजेन, ते तोडणारे विकर, ते जोडणारे विकर, या प्रत्येकाची कृती आपल्या जनुकांत लिहिलेली असते आणि एकेका अक्षराच्या फरकाने ती माणसागणिक थोडी वेगळी असते. लंडनमध्ये १९८६ साली रुग्णांच्या पेशींवरील काही आनुवंशिक खुणा इतरांपेक्षा अधिक आढळल्याचे प्रसिद्ध झाले. तैवानमध्ये २००२ साली सुपारी खाऊन आजारी पडलेल्यांची तुलना सुपारी खाऊनही न पडलेल्यांशी केली गेली. कोलॅजेनशी संबंधित काही जनुकांची विशिष्ट रूपे आजारी गटात जास्त निघाली. मात्र कमी खाणाऱ्यांत जे रूप धोक्याचे दिसले, ते फार खाणाऱ्यांत तसेच राहिले नाही, काही जनुकांच्या बाबतीत तर उलटले. या दोन्ही बाजूंची सगळी माणसे सुपारी खाणारी होती हे ध्यानात घ्या. जनुकांचा हा सारा भेद सुपारीच्या रिंगणाच्या आतला आहे.

आमच्या प्रयोगशाळेत एकाच मापाच्या दोन तारांना वजने टांगली तर एक पाच किलोला तुटते, दुसरी सहा किलोला. धातूच्या कणरचनेतला बारीक फरक त्याला कारण असतो. पण तार तुटली ती वजनामुळे. वजनच टांगले नाही, तर दोन्ही तारा भिंतीवर तशाच लटकत राहतात आणि कमजोर कोणती ते कधी कळतही नाही, कळण्याची गरजही पडत नाही. म्हणूनच उद्या कोणी ‘तुमच्या जनुकांची तपासणी करून सुपारी सोसते की नाही ते सांगतो’ असे म्हणत दुकान मांडले, तर मी तेथे पैसे खर्च करणार नाही.

येथवर आनुवंशिकता नको तेथे लावण्याची गोष्ट झाली. आता ती जेथे लावायला हवी तिकडे वळू. ती जागा म्हणजे वेदना.

तोंडातली उष्णता, गारवा आणि दुखणे मेंदूकडे नेणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांवर सूक्ष्म झडपा असतात. त्यांतील एक झडप सुमारे ४३ अंश सेल्सियसला उघडते आणि ‘भाजले’ असा संदेश पाठवते. नेमकी तीच झडप मिरचीतील कॅप्सेसिननेही उघडते. म्हणून ठेचा थंड असला तरी तोंड ‘भाजते’. अमेरिकेतील डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये ही झडप शोधली आणि २०२१ चे नोबेल पारितोषिक त्यांना, आर्डेम पॅटापुटियन यांच्यासह, मिळाले. तंतुमयतेच्या रुग्णाच्या तोंडाचे वरचे अस्तर पातळ झालेले असते. मिरची या टोकांपर्यंत सहज पोहोचते, आणि आपल्याला जे फिके लागेल ते त्याला जाळते. हे ढोंग नव्हे.

ही झडप काय किंवा तिचा संदेश पुढे नेणाऱ्या वाहिन्या काय, त्यांचीही कृती जनुकांतच असते आणि तिथले फरक फार दूरवर जातात. उत्तर पाकिस्तानातील काही कुटुंबांत अशी मुले आढळली की त्यांना जन्मापासून दुखणे म्हणजे काय हेच माहीत नव्हते. त्यांतला एक मुलगा निखाऱ्यांवरून चालण्याचे खेळ रस्त्यावर करीत असे. तपासात एका सोडियम वाहिनीचे जनुक निकामी निघाले. हा शोध २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. आईबाप दोघेही त्या दोषाचे वाहक आणि स्वतः ठणठणीत. अपत्यांत चारांस एक हे मेंडेलचे प्रमाण. आता या मुलांचा कोणाला हेवा वाटेल, म्हणून पुढचे सांगतो. यांतील प्रत्येक मुलाच्या ओठांवर किंवा जिभेवर जखमा होत्या. लहानपणी आपलीच जीभ व ओठ चावले तरी त्यांना कळत नसे. जो मुलगा खेळ करी, तो चौदाव्या वाढदिवसाआधीच छपरावरून उडी मारून मेला. वेदना ही तोंडाची राखणदार आहे.

हे टोकाचे उदाहरण झाले. तुमच्या-आमच्यातही फरक असतात. नॉर्वेतील जुळ्यांवरचा एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. एकरूप जुळी आणि साधी जुळी यांची तुलना केली असता, बर्फगार पाण्यात हात धरल्यावर होणाऱ्या वेदनेत माणसामाणसांत जो फरक पडतो, त्याचा सुमारे ६० टक्के भाग जनुकांमुळे असल्याचे दिसले. उष्णतेच्या वेदनेत मात्र २६ टक्केच. या टक्क्यांचा अर्थ नीट समजून घ्या. वेदनेपैकी ६० टक्के वेदना आईबापांकडून आली, असा तो नाही. माणसामाणसांत जो चढउतार असतो, त्याचा एवढा भाग जनुकांतील फरकांशी जुळतो, इतकाच. आणि एकाच माणसाला गारवा सोसतो म्हणून चटका सोसेल असेही नाही. जबड्याच्या सांध्याच्या जुनाट दुखण्यातही अशी काही जनुके पुढे आली आहेत, पण एकेकट्या जनुकाचा प्रभाव बेताचाच आहे.

याचा आपल्या घरांशी काय संबंध? फार जवळचा आहे. एक दुखणे असे असते की तोंड आतून पाहिले तर स्वच्छ, निरोगी. ना व्रण, ना पांढरे पट्टे. तरी जीभ रोज पोळल्यासारखी होते. उतारवयातील स्त्रियांत ते जास्त दिसते. तेथे सुपारीचा संबंध असलाच पाहिजे असे नाही. घरातली मंडळी तोंडात डोकावून पाहतात, काही दिसत नाही, आणि ‘आजीच्या मनाचे खेळ’ असा निकाल देऊन मोकळी होतात. इटलीतील डॉक्टरांनी अशा रुग्णांच्या जिभेचा अगदी लहान तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा तेथील बारीक मज्जातंतू कमी झालेले दिसले. हे २००५ साली प्रसिद्ध झाले. जे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही ते नसतेच, असे विज्ञानाच्या विद्यार्थ्याने तरी म्हणू नये. इलेक्ट्रॉन तरी कोठे दिसतो?

म्हणून ‘अमक्याला एवढं दुखत नाही, मग तुलाच का?’ हा प्रश्न मला अडाणीपणाचा वाटतो. खरी आनुवंशिकता येथे आहे. एकाच्या वेदनेने दुसऱ्याची वेदना मोजता येत नाही. आणि याची दुसरी बाजू अधिक धोक्याची आहे. ज्याला उपजतच कमी दुखते त्याला तोंडातील बिघाड उशिरा कळेल. आग होत नाही म्हणजे तोंड ठीक आहे, असे त्याने मानू नये. कारण ही तंतुमयता नुसती त्रासदायक नाही, कर्करोगापूर्वीची अवस्था म्हणून ती ओळखली जाते. केरळात एर्नाकुलमला अशा ६६ रुग्णांवर १७ वर्षे लक्ष ठेवले, त्यांतील पाच जणांना, म्हणजे ७.६ टक्क्यांना, कर्करोग झाला. सुपारीला तंबाखूची जोड नसली तरी ती कर्करोगकारक आहे, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात स्पष्ट म्हटले आहे.

शिक्षकांना एक विनंती आहे. २००३ च्या कायद्याने शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास मनाई आहे. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटखा व पानमसाल्यावर बंदी आली, पुढच्या वर्षी सुगंधी सुपारीही तीत आली. पण साधी सुपारी? ती तंबाखू नाही, म्हणून तंबाखूच्या कायद्यात नाही. शाळेच्या भिंतीवर ‘तंबाखूमुक्त शाळा’ अशी पाटी असते आणि खाली उभ्या असलेल्या मुलाच्या गालात सुपारी असते. पाटी आणि मुलगा दोघेही नियमाप्रमाणेच वागत असतात! शाळेने आपल्यापुरता सुपारीला तंबाखूच्याच रांगेत बसवण्याचा नियम करावा. त्याला सरकारी आदेश लागत नाही. कोणी म्हणेल, सुपारी मंगल आहे, लग्न ठरले की आपण सुपारी फोडतो, पूजेत गणपती म्हणून तिचीच स्थापना करतो. जरूर करावी. पाटावरच्या गणपतीला कोणी चघळत नाही. जेवणानंतर काही हवे असेल तर बडीशेप आहे, ओवा आहे.

ज्यांचे तोंड आधीच ताठ झाले आहे त्यांच्याविषयीही सांगितले पाहिजे. सुपारी बंद केली की आग पुष्कळदा कमी होते, पण जे पट्टे पडले ते सहसा परत विरघळत नाहीत. तोंड उघडण्याचे व्यायाम, गालात द्यायची इंजेक्शने, आणि फारच आवळले असेल तर शस्त्रक्रिया, असे उपचार आहेत. त्यासाठी नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. जितके लवकर जावे तितके अधिक मिलिमीटर हाती राहतात.

मिलिमीटरचा उल्लेख आला म्हणून, येत्या विज्ञान प्रदर्शनासाठी एक प्रकल्प सुचवतो. आपल्याच हाताची तर्जनी, मध्यमा आणि अनामिका ही तीन बोटे एकावर एक उभी धरून वरच्या व खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून पाहायची. निरोगी तोंडात ती बहुधा बसतात. हात धुऊन, हे सांगायला नकोच. या मापाची खुबी अशी की लहान मुलाचे तोंड लहान असते तशी बोटेही लहान असतात, त्यामुळे माप वयाप्रमाणे आपोआप जुळते. नंतर पट्टीने दातांच्या कडांमधले अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. प्रौढांत ते साधारण ३५ ते ५० भरते. पालकांची संमती घेऊन शाळेतील शंभर मुलांची मापे घ्या आणि आलेख काढा. सुपारी खातो की नाही हे मात्र तोंडी विचारू नका, खरे उत्तर मिळणार नाही. प्रत्येकाला एकाच क्रमांकाच्या दोन चिठ्ठ्या द्या. एकीवर माप, दुसरीवर फक्त ‘होय’ किंवा ‘नाही’. नाव कोठेच नको. मुलांनी आपापल्या चिठ्ठ्या एकमेकींना टाचून बंद पेटीत टाकाव्यात, आणि पेटी सगळ्यांची मापे झाल्यावरच उघडावी. पट्टी प्रत्येक वेळी स्वच्छ धुवा, आणि ज्याच्या तोंडात दोन बोटेही शिरत नाहीत त्याने त्याच आठवड्यात दंतवैद्याकडे जावे, एवढी सूचना मोजणीच्या आधीच फळ्यावर लिहून ठेवा.